शून्यावा घात

अहवालकर्तीने फेऱ्यांच्या रकान्यात आपल्या चपलेचा नंबर टाकला आणि अहवाल पुन्हा चालवला. झीज निर्देशांक आला एक. मग तिने नऊ लाख टाकले. तरीही एक.

तिचे कुतूहल चाळवले. कंपनीच्या बारा लिफ्टांच्या दोरांची झीज हा अहवाल मोजत असे. सहा वर्षे प्रत्येक लिफ्टसमोर हाच आकडा हिरव्या रंगात उभा होता, आणि या अढळ कामगिरीबद्दल व्यवस्थापनाने स्वतःचा दोनदा सत्कारही करून घेतला होता. आकडे वाचण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. हिरवा रंग वाचावा लागत नाही.

टेबलापलीकडे साहेब एका पत्रावर सही करण्याच्या बेतात होते. समोर लिफ्टचा मिस्त्री उभा होता. अहवाल निर्दोष असताना सात नंबरची लिफ्ट तो दिवसाआड बंद ठेवत असे. त्याबद्दल त्याला कामावरून काढायचे होते.

"साहेब, दोर कुरकुरतो. कानाला कळतं."

"एवढं महागाचं सॉफ्टवेअर घेतलंय, आणि तुम्ही कान घेऊन बसलात?"

"कान फुकटचे आहेत, म्हणून काय खोटं बोलतात होय?"

"दोन मिनिटं थांबा," पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली. "मिस्त्रीकाका, दर फेरीला झीज सारखीच होते का?"

"छे, ताई. नवा दोर आधी भराभर झिजतो, मग सावकाश."

म्हणजे अहवालाच्या स्क्रिप्टमधले सूत्र बरोबर होते: फेऱ्यांच्या संख्येचा शून्य पूर्णांक आठ दशांशावा घात. तिने घातांक जिथून येत होता तो तक्ता उघडला. तो आखणाऱ्या विद्वानाने रकाना फक्त पूर्णांकांसाठी ठेवला होता. अपूर्णांक त्याच्या शिस्तीत बसत नसावेत. दशांशचिन्हापुढचे आठ गळून गेले होते आणि उरले होते शून्य. फेऱ्या कितीही होवोत, त्यांचा शून्यावा घात एकच येणार.

तिने रकाना दुरुस्त केला. अकरा ओळी लाल झाल्या. सात नंबरची तेवढी हिरवी राहिली.

साहेब खुर्चीतून उठून पडद्याशी आले.

"बघा! याचीच लिफ्ट ठणठणीत. उगीच बंद ठेवत होता."

"तिच्या फेऱ्या बाकीच्यांच्या निम्म्याच आहेत, साहेब," ती म्हणाली. "बंद असायची ना."

मिस्त्री पुढे वाकला आणि पडद्याला बोट न लावता एकेक ओळ खाली वाचत गेला.

"मग आधी कुठली बंद करू?"

सर्वांत मोठा आकडा एक नंबरच्या लिफ्टसमोर होता. सकाळी तिघेही त्याच लिफ्टने या नवव्या मजल्यावर आले होते.

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. पेनाला टोपण लावले, सही न झालेल्या पत्राची घडी घातली आणि घसा खाकरला.

"मिस्त्री, इथला जिना कुठल्या बाजूला आहे हो?"