सोवळ्याच्या तपेलीत लसूण

मी एक जुनी पितळी तपेली आहे. जाड बुडाची, रुंद तोंडाची. मित्रांनो, गोड बोलणं मला जमत नाही. मला राग लवकर येतो, आणि त्याहून जास्त मला कुतूहल आहे. तेव्हा ऐकायचं तर असंच ऐका.

ग्वाल्हेरात टोपी बाजारामागच्या एका बोळात तांबटानं मला घडवलं. इथे त्याला ठठेरा म्हणतात. त्यानं मला इतकं ठोकलं की अंगभर खवले उठले. हात फिरवलात तर अजून लागतील. जयेंद्रगंजातल्या सीमंतिनीबाईंनी मला घरी नेलं आणि त्याच दिवशी जाहीर केलं, ही तपेली सोवळ्याची. म्हणजे हिच्यात फक्त देवाचा नैवेद्य शिजणार. कांदा-लसूण हिला शिवणार नाही. आंघोळ करून, धुतलेलं नेसून, घरातल्याच बाईनं हिला हात लावायचा. बाहेरच्यांनी लांब राहायचं.

मला कुणी विचारलं नाही. मी पितळ आहे. कुणाच्या हातानं माझं काय बिघडणार होतं?

पण ते दिवस चांगले होते, हेही खरं. महालक्ष्म्या बसल्या की माझ्यात खीर आटायची आणि घरभर नुसती माझ्या नावाची हाकाटी. आतून मला कल्हई असायची, म्हणजे कथलाचा पांढरा लेप. तो दर वर्षी नव्यानं व्हायचा आणि मी आरशासारखी चमकायची. मग सीमंतिनीबाई गेल्या. त्यांच्या सूनबाई पद्माताई नैवेद्य लहानशा स्टीलच्या पातेल्यात करू लागल्या, आणि मी स्वयंपाकघरातल्या माळ्यावर गेले. कल्हई उडाली ती उडालीच. कोळ्यांनी संसार थाटला.

माळ्यावरून मात्र सगळं दिसतं आणि सगळं ऐकू येतं.

पद्माताईंच्या मुलानं, शंतनुनं, गरिमाशी लग्न केलं. गरिमा शहराच्याच मुरार भागातली, हिंदी बोलणाऱ्या घरातली. हाताला चव असलेली. पण लग्नाला वर्ष झालं तरी पद्माताईंनी तिच्या हातचा एक घास खाल्ला नव्हता. कधी चतुर्थी निघायची, कधी पित्त. स्वतःपुरता भात त्या वेगळा लावायच्या. जातीचं नाव या घरात कुणी घेत नाही, सुशिक्षित लोक आहेत. 'त्यांच्याकडची पद्धत वेगळी' एवढंच म्हणतात. किती सभ्य शब्दांत माणूस माणसाला दूर बसवतो, हे मी वरून बघायची आणि धूळ खात चिडायची.

एका रविवारी सकाळी गरिमा शंतनुला हळू आवाजात म्हणाली, "आज आखिरी बार सबके लिए बना रही हूँ. आज भी आईंनी नहीं खाया, तो हम अलग फ्लैट देख लेंगे. मैं इस घर में मेहमान बनके नहीं रह सकती."

"अगं, आईचा स्वभाव आहे तो. धीरे धीरे हो जाएगा."

"साल भर से धीरे ही हो रहा है, शंतनु."

तिला पास्ता करायचा होता, सगळा एकाच भांड्यात, भाज्या घालून. त्यासाठी जाड बुडाचं मोठं भांडं हवं. स्टुलावर चढून तिनं माळा धुंडाळला आणि मला खाली काढलं. "ये भगोना तो कमाल का है," म्हणाली. मी कोण, कशासाठी राखलेली, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं लिंबू-मिठानं मला घासलं, आणि ओट्यावर गाजर, बीन्स, मटार, शिमला मिरची, सोललेला लसूण आणि टमाट्यांचा ढीग मांडला. शेजारी पास्त्याचं पाकीट होतं. मी निरखून पाहिलं. नुसत्या नळ्या, आत काही नाही. करणारा आत सारण भरायचं विसरला की काय?

तेवढ्यात पद्माताई पाणी प्यायला आल्या. त्यांनी मला पाहिलं. लसूण पाहिला. दारात शंतनुचा चेहरा उतरला. पद्माताई जवळ आल्या, माझ्यात वाकून बघितलं, तळाला बोट फिरवलं.

"टमाटे ठेव खाली," त्या म्हणाल्या. "कळकेल सगळं."

"कळकेल मतलब?"

"कल्हई उडालीये हिची. पिवळं दिसतंय ना आतून? त्यात आंबट पडलं की हिरवं होतं, जहर. ओकत बसाल सगळे."

शंतनु पुटपुटला, "आई, ती तर सोवळ्याची..."

"दिसतंय मला. डोळे आहेत. जा, बाड्याच्या चौकामागे कान्होजी कल्हईवाल्याकडे घेऊन जा. पास्ता काय पळून जात नाही."

मित्रांनो, मला वाटतं हे बोलून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांच्यात एक सोवळं पाळणारी बाई आहे आणि एक स्वयंपाक करणारी. त्या दिवशी दुसरी आधी बोलून गेली.

कान्होजी कल्हईवाल्यानं मला ओळखलं. "पद्माबाईंची ना ही? मला वाटलं गेली मोडीत." त्यानं मला निखाऱ्यांवर तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं आणि कापसाच्या बोळ्यानं एका दमात पुसून काढलं. पांढरा धूर उठला. गरिमा डोळे चोळत तिथेच उकिडवी बसून बघत होती. आत मी पुन्हा चांदीसारखी झाले.

संध्याकाळी मी गॅसवर चढले. पद्माताई दाराच्या चौकटीत उभ्या. आत येईनात, जाईनात.

"रिकामी तापवू नको गं, कल्हई वितळेल. आधी तूप घाल."

गरिमानं तूप घातलं. मग लसूण. जन्मात पहिल्यांदा. आता काहीतरी भयंकर होणार म्हणून मी श्वास रोखून वाट पाहिली. काहीच झालं नाही. खमंग वास सुटला, एवढंच. इतकी वर्षं मला याची भीती घातली होती? मग भाज्या परतल्या, टमाट्यांऐवजी दूध आणि पाणी आलं, आणि वरून त्या नळ्या.

"कच्च्याच?" चौकटीतून प्रश्न.

"हाँ आई, इसी में पकेंगे."

"आणि पाणी काढून नाही टाकायचं?"

"नहीं. इनका जो सत निकलता है ना, उसी से गाढ़ा होता है."

"म्हणजे शेवयांची खीर."

"वैसा ही. बस चीनी की जगह काली मिर्च."

पद्माताई एक पाऊल आत आल्या. "अगं, खाली लागेल, ढवळ. आणि स्टीलचा डाव? आजच कल्हई केलीये, खरवडतेस कशाला? लाकडी घे. राहू दे, आण इकडे." आणि डाव त्यांच्या हातात गेला.

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की नळ्या पोकळ का असतात. दूध आत शिरत होतं. सारण शिजताना भरतात ते.

गरिमानं वाटीभर साय घातली, मिरी घातली, चमच्यानं थोडं घेतलं, फुंकलं आणि चाखलं. मी हादरले. नैवेद्य देवाआधी कुणी चाखत नाही. माझ्यातलं अन्न चुलीवर असताना कुणी तोंडाला लावल्याचं मी पाहिलंच नव्हतं. आणि तिनं चमचा पुन्हा भरून पुढे केला.

"आई, नमक देखिए ना."

पद्माताईंचा तळवा पुढे झाला. स्वयंपाक करणाऱ्या बाईचा हात तो, आपोआप पुढे होतो. त्यावर पांढरा थेंब पडला, गाजराचा तुकडा पडला. शंतनु ताटं घेऊन आला होता, तो जागीच थांबला. पद्माताईंनी हाताकडे पाहिलं. गरिमा त्यांच्याकडे पाहत होती. मी रटरटत होते, पण मला वाटलं मीसुद्धा थांबावं.

त्यांनी तळवा चाटला.

"मीठ बरोबर आहे. मिरी थोडी अजून चालेल." मग शंतनुच्या हाताकडे बघून म्हणाल्या, "दोनच ताटं काय आणलीस? मी काय भिंत आहे?"

फ्लॅटचा विषय त्या दिवशी निघाला नाही. नंतरही मी ऐकला नाही, आणि आता मी माळ्यावर नसते, ओट्यावरच असते.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी वर पडली असेल तर तिला खाली काढा. फुलं खोचून दिवाणखान्यात मिरवू नका, शिजवा तिच्यात. वेळेवर कल्हई करा, रिकामी तापवू नका, कल्हई उडाली असेल तर आंबट घालू नका. एवढंच आम्हाला जपा. लसणापासून, कांद्यापासून, कुणाच्या हातापासून जपायची आम्हाला गरज नाही. ती भीती तुमची आहे. आमच्या नावावर खपवू नका.