उजवा खिसा

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे आणि मला फक्त मागचा खिसा येतो. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे तुमचा अपेक्षाभंग नको.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा मी उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात, खिडकीकडच्या रांगेत तिसरी होते. तिथे अख्खी पँट कुणीच शिवत नसे. कुणी चेन लावी, कुणी पट्टा, कुणी जन्मभर पायाच्या कडा दुमडी. माझ्यापुढे चांगुणाबाई बसायच्या. बदलापूरच्या कात्रपमधून यायच्या. पँटच्या पाठीचा तुकडा आमच्याकडे आला, की त्यावरच्या आडव्या जोडापासून तीन बोटं खाली मोजून त्या खिसा ठेवायच्या. मी त्याच्या कडेनं दोन समांतर शिलाया मारायचे. तुकडा पुढे जायचा. आठ वर्षं आम्ही हेच केलं. माणसं कमरेखाली नुसते खिसे लावून हिंडतात, असा माझा बराच काळ समज होता.

कौतुकही झालं. सुपरवायझर नव्या कारागिरांना आमच्याजवळ आणून म्हणायचा, "देखो, इसको खिसा बोलते हैं. पँट फटेगी, ये नहीं निकलेगा."

मग एक दिवस कारखाना बंद झाला. मशिनी भंगारात काढायचं ठरलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझं वजन विचारलं. चांगुणाबाई शेठपुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ही मी नेते."

"ले जाओ बहन," शेठ म्हणाले. "तुम्हारे सिवा किसी की सुनती भी नहीं."

चांगुणाबाईंचे यजमान बबनराव विठ्ठलवाडी डेपोत मेकॅनिक आहेत. ते टेम्पो घेऊन आले आणि मी बदलापूरकर झाले.

घरात मला खिडकी मिळाली, काम मिळालं नाही. आधी अंगावर चादर आली, चादरीवर गव्हाचा डबा, डब्यावर इस्त्रीचे कपडे. दोन वर्षं मी टेबल होते. टेबलाचं आयुष्य वाईट नसतं, पण टेबलाला कुणी तेल घालत नाही.

अशात शेजारच्या गल्लीत शलाकाताईंनी कपड्यांचं दुकान काढलं. त्यांना घरी शिवून देणारी बाई हवी होती. चांगुणाबाईंची मुलगी मनाली बारावीला आहे. तिनं परस्पर सांगून टाकलं, "माझ्या आईनं आठ वर्षं जीन्स शिवल्यात." शलाकाताईंनी तिच्या हातात डेनिमचा तुकडा ठेवला. रोज घालायचा एक साधा टॉप रविवारपर्यंत शिवून दाखवा, जमला तर कायमचं काम तुम्हाला.

कारखाना सुटल्यापासून चांगुणाबाई अशाच कामाची वाट बघत होत्या. तरी कापड पाहून त्या ते मांडीवर घेऊन खाली बसल्या.

"मने, असं कशाला सांगितलंस?"

"का, खोटं आहे?"

"खोटं नाही. जास्त आहे. मी पँट नाही गं शिवायचे. खिसा शिवायचे. मागचा."

मनालीनं विचारलं, "दोन्ही?"

"उजवा. डावा शेजारच्या मशीनवरच्या रखमाबाईचा."

बबनरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी इतकी वर्षं डेपोत सांगतोय, आमची मंडळी जीन्सची मास्टर आहे. आता काय सांगू, उजवा खिसा?"

"काही सांगू नका," चांगुणाबाई म्हणाल्या. मग उठून त्यांनी माझ्यावरचा डबा खाली उतरवला.

तेल पडलं. त्याची चव मी विसरले होते. मनालीचा एक जुना टॉप उसवून त्याचे भाग वर्तमानपत्रावर आखले आणि कागद कापून घेतले. डेनिम नंतर आटायला नको म्हणून आधीच धुऊन वाळवलं. शनिवारी दुपारी कापणी झाली. पाठीला कापड कमी पडलं, तेव्हा वरती एक आडवी पट्टी जोडली.

तो आडवा जोड दिसला आणि आम्हा दोघींना हायसं वाटलं. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं. चांगुणाबाई मनालीशी बाह्यांबद्दल बोलत होत्या. हातांनी मात्र कधीच एक उरलेला तुकडा उचलला, तीन बोटं मोजली आणि माझ्याखाली सरकवला. मीही काही विचारलं नाही. चार मिनिटांत काम झालं. त्या दिवसाचं तेवढंच काम आम्हाला येत होतं.

पुढे हालच झाले. गळा ओढला गेला. डावी बाही तीनदा उलटी लागली. दोन सुया मोडल्या. मी काय मदत करणार, बाही मीही पहिल्यांदाच पाहत होते. रविवारी सकाळी टॉप पुरा झाला. मनालीनं तो घातला, एक हात मागे नेला आणि शांतपणे म्हणाली, "आई, माझ्या पाठीवर खिसा आहे."

उजव्या खांद्याच्या खाली, नेमका तीन बोटांवर.

बबनरावांनी जवळून पाहिलं. "सरळ आहे पण."

उसवावा तर सुईची भोकं राहणार. दुसरं कापड नव्हतं. तेवढ्यात दारात शलाकाताई उभ्या. त्यांना मशीनही बघायची होती.

त्यांनी गळा पाहिला, बाही पाहिली, मनालीला पाठमोरी फिरवलं आणि थांबल्या.

"हे काय?"

"फॅशन आहे," बबनराव म्हणाले.

"फॅशन नाही, ताई," चांगुणाबाई म्हणाल्या. त्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. "मला अख्खा कपडा येत नाही. आठ वर्षं मी उजवा खिसाच लावला. हात आपोआप गेला. पोरीची चूक नाही. तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं."

मनाली मान खाली घालून उभी होती. मग ती आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. पाठ शलाकाताईंकडेच ठेवली.

शलाकाताईंनी बोटानं शिलाई चाचपली. बराच वेळ. "टॉप मी विकू शकत नाही," त्या म्हणाल्या. "अशी शिलाई मात्र माझ्याकडे एकीलाही येत नाही. पण एकच का? दोन असते तर मी डिझाइन समजले असते."

"डावा रखमाबाईचा असतो, ताई. मी कसा लावू?"

"कुठे असतात त्या?"

"बेलवलीला."

"मग त्यांनाही आणा. बाह्या मी शिकवते. खिसे तुम्ही माझ्या पोरींना शिकवा."

दोन दिवसांनी रखमाबाई आल्या. टॉप पाहिला, हसल्या नाहीत. माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "चांगुणा, कापड दे." मोजलंही नाही. दोन्ही खिसे एका रेषेत आले. टॉप मनाली अजून घालते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या मशीनवर डबे ठेवू नका. महिन्यातून दोन थेंब तेल घाला. आणि जीन्स घालून कुठे बसाल तेव्हा जरा बेतानं बसा. तुमच्याखाली दोन बायकांची आठ वर्षं आहेत. उजवीकडची चांगुणाबाईंची.