पारा पोली

“नुसतं ‘हेरोमे’ म्हणा, आई,” सून म्हणाली. “आनंद झाला, एवढंच. माझी आई आली की तेवढं पुरे.”

सासूबाईंनी शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवलं. “आणि फार आनंद झाला असेल तर?”

“मग पुढे ‘पोली’ लावायचं. त्याहूनही जास्त असेल तर ‘पारा पोली’. तुम्ही नाही का म्हणत, पार दमले? तसंच काहीसं.”

बोलून गेल्यावर सुनेने जीभ चावली. ग्रीक तिची मायबोली. पण सासूसाठी त्यात दोन ‘प’ होते, तेही एकापाठोपाठ.

सासूबाई लहानपणापासून ‘प’वर अडखळत. ओठ मिटले की उघडायचे नाहीत. शाळेत मुली हसल्या, तेव्हापासून त्या या अक्षराला वळसा घालूनच जगल्या. गिऱ्हाइकाने कपडे कधी मिळतील विचारलं की ‘परवा’ तोंडातून निघेना. मग ‘उद्या’ म्हणून मोकळ्या व्हायच्या आणि दिवसभर स्वतःला मशीनला जुंपून घ्यायच्या. बाई शब्दाच्या पक्क्या, असं गल्लीत नाव झालं. कधी अडकल्याच, तर समोरचा चटकन शब्द पुरवायचा. नवरा पुरवायचा, मुलगा पुरवायचा, अगदी मायेने. त्यांची निम्मी वाक्यं दुसऱ्यांनीच पुरी केली होती.

“मी तेच म्हणणार,” त्या म्हणाल्या. “आनंद सांगायचा तर त्यात काटकसर कशाला?”

मग बाही जोडताना, काज करताना त्या पुटपुटत राहिल्या. एकटीने म्हणताना अगदी घडघडीत जमायचं. पण एकटं असताना जमतंच, हे त्यांना ठाऊक होतं.

विहीणबाई पहिल्यांदाच घरी आल्या. प्रवासाने चुरगळलेला कोट अजून अंगातच होता. सासूबाई पुढे झाल्या.

“हेरोमे,” त्या म्हणाल्या. आणि ओठ मिटले.

मान ताठ झाली, कानशिलं तापली. मुलाने सवयीने तोंड उघडलं. त्यांनी त्याच्याकडे न बघताच हात वर केला. तो गप्प झाला. नवऱ्याने नजर जमिनीकडे वळवली. विहीणबाई मात्र त्यांच्याकडेच बघत होत्या, जराही घाई नसल्यासारख्या.

“प... पारा,” सासूबाई म्हणाल्या. श्वास घेतला. ओठ पुन्हा मिटले. या वेळी त्यांनी ते मिटू दिले, झुंजल्या नाहीत. मग ते आपसूक सुटले.

“पोली.”

विहीणबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. “क्येगो,” त्या म्हणाल्या.

“‘मलाही’ म्हणतेय,” सुनेने सांगितलं. 

जेवायला बसल्यावर सासूबाईंनी मुलाच्या लहानपणची हकिकत काढली. लांबलचक होती. मध्ये दोनदा त्या अडकल्या, आणि वळसा न घालता तिथेच थांबल्या. सून भाषांतर करता करता थांबली, मुलगा घास हातात धरून थांबला. ताटातलं गार होत गेलं. कुणीही त्यांचं वाक्य पुरं केलं नाही.