न सुकवलेली चकती

दादा गेल्याला बावीस दिवस झाले तरी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तिला याची लाज वाटे, पण तीही वरवरची.

दादा विजेच्या तारांवर काम करायचा. धक्का बसला तेव्हा त्याच्या हातात होती ती वीज अडवणारी रोधक काठी तिच्याच कारखान्यातली, रेझिनमध्ये गारगोटीची बारीक पूड मिसळून ओतलेली. त्या मालाची चाचणी तिनेच केली होती, सहीही तिचीच. चौकशीत मात्र ठरत आलं होतं की दादाने काठी नको तिथे धरली. एवढा मुरलेला माणूस, आणि म्हणे नको तिथे धरली. मेलेल्याच्या माथी दोष मारणं सोपं, तो काय उलटून बोलणार.

त्याच मालाच्या नमुन्याच्या दोन चकत्या कारखान्यातल्या कपाटात राखून ठेवलेल्या होत्या. कारखान्याच्या साहेबांनी त्या तिला तपासायला सांगितल्या, नियमाप्रमाणे आधी दिवसभर भट्टीत सुकवून. साहेब नियमाचे भारी पक्के, त्यातून नियम सोयीचा असला की विचारूच नका.

तिने एक चकती सुकवली, तेलात दोन धातूच्या टोकांमध्ये बसवली आणि व्होल्टेज वाढवत नेलं. वीस हजार व्होल्ट सोसले की पास. चकतीने तेवीस सोसले. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ते जेवायला गेले.

दुसरी तिने न सुकवताच लावली. काठी काही भट्टीतून निघून थेट खांबावर चढत नाही. ती महिनोन्‌महिने दमट हवेत पडून राहते आणि पुडीच्या कणांपाशी ओल धरते. हे तिला अकरा वर्षं ठाऊक होतं, पण तिने कधी मनावर घेतलं नव्हतं. सात हजारांवरच टच्‌ आवाज झाला. चकतीला टाचणीएवढं भोक पडलं. तिने आकडा नोंदवहीत लिहिला, खाली सही केली आणि हात धुतले. आत काहीच हललं नाही.

संध्याकाळी ती वहिनीकडे गेली. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. रोजचाच प्रश्न तिने मान वर न करता विचारला.

"त्यांचीच चूक होती का गं?"

"नाही, वहिनी. काठीने ओल धरली होती. आणि ती चांगली आहे अशी सही मी केली होती."

वहिनीने हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली.

"म्हणजे मी इतके दिवस त्यांच्यावरच चिडून राहिले," असं म्हणून ती तो सदरा छातीशी धरून हमसून हमसून रडू लागली. तिच्या पाठीवर हात ठेवायचा हक्क आपल्याला उरलाय का, हे नणंदेला कळेना. ती उभीच राहिली, आणि वहिनीने तिला बस म्हटलं नाही.