सगळ्यांदेखत

कॅम्प तीनच्या शेअर रिक्षात कौसाबाई चढली, तर आत कोपऱ्यात पुतळाबाई बसलेली. कौसाबाईने लगेच मान फिरवली. नियमच तसा होता, आणि तो तिनेच घातलेला. इस्पितळात एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला दोघी एकाच बाकावर बसत, एकमेकींच्या डब्यातली भाजी खात. फाटकाबाहेर मात्र ओळख दाखवायची नाही. एकीचं उघडं पडलं की दुसरीचंही पडणार.

पुतळाबाईला हे कधी पटलं नाही. "घरात माझं ताट येगळं," ती एकदा म्हणाली होती, "निदान रस्त्यात तरी नावानं हाक मारा. एकदाच." कौसाबाईने ते हसण्यावारी नेलं होतं.

आज भर दुपारी पुतळाबाईचे केस ओले होते, पदर ओला होता. ती एकटक पाहत होती, आणि तिच्या बाजूने गारवा येत होता. कौसाबाई न बोलता उतरली. रिक्षावाला ओरडला, "मागे तीनों सीट खाली, चला!" पुतळाबाई अजून आतच होती.

कारखान्यात जीन्सचे धागे कापताना शेजारची पद्मजा म्हणाली, उद्या मी येणार नाही, बदलापूरला आत्याचा दहावा आहे. तिने मोबाइलवर फोटो दाखवला. कौसाबाईची कात्री थांबली. फोटोत पुतळाबाई होती.

"टीबी सांगतात," पद्मजा हळूच म्हणाली, "पण कसल्या गोळ्या खायची, माहितीय सगळ्यांना."

तुला सोबत म्हणून येते, असं कौसाबाईने सांगितलं.

नदीकाठी पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. मुलाने सांगितलं, बहिणीकडे लक्ष देईन. सुनेने हात जोडून माफी मागितली. कावळे हलले नाहीत. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेवढ्यात कौसाबाईच्या मानेला तोच रिक्षातला गारवा लागला. तिने वळून पाहिलं. मागे नुसती नदी होती. ती घाबरली, आणि त्याहून जास्त तिला स्वतःची लाज वाटली. आता तोंड उघडलं तर उद्या कारखान्यात तिचाही ग्लास वेगळा होणार, कदाचित कामही जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती पुढे झाली.

"पुतळाबाई," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मी वळखते तुमाला."

एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. मुलगा ओंजळीत तोंड लपवून रडला.

पद्मजा तिच्याकडे बघत होती. "मावशी, तुम्ही आत्याला कुठून ओळखता?"

"एका बाकावर बसायचो आमी. गोळ्या घ्यायला."

परतताना पद्मजा पुढे, रिक्षावाल्याच्या शेजारी अंग चोरून बसली. मागे कौसाबाई एकटीच. तिच्या बाजूच्या सीटचा कोपरा ओला होता. ती सरकून त्याला लागून बसली.