छातीवरचा ठिपका

मी आर्डिसबाईंचा कॅमेरा बोलतोय. खरं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. पण मनात ठेवलं तर सलत राहील, म्हणून सांगून टाकतो.

कारखान्यातलं काही आठवत नाही. आठवतात ते बाईंचे यजमान ऑरिन टॉलफसन यांचे लोकरी हातमोजे. मिनेसोटाच्या थंडीतही हा माणूस पाखरं टिपत हिंडायचा. दर डिसेंबरात एका शनिवारी गावातले पक्षीवेडे वाटा वाटून घेतात आणि दिसेल तो पक्षी मोजतात. ओढ्याकाठची वाट ऑरिन यांची, एकतीस वर्षं. ते गेले तेव्हा आर्डिसबाईंनी थडग्यापाशी शब्द दिला, "तुमची वाट मी चालेन. पाय चालतील तोवर." तो त्यांचा नेम झाला. थंडीभर स्वतःच्या न्याहारीआधी पाखरांना दाणे घालायचे, हा दुसरा नेम.

गेल्या मोजणीच्या सकाळी दाण्यांच्या पिंपाशेजारी उभं राहून बाईंनी माझं लहान भिंग काढलं आणि मोठं चढवलं. तेवढ्यात सूर्यफुलाच्या टरफलाचा एक कण माझ्या पोटात शिरला आणि आतल्या काचेवर मधोमध बसला. मला कळलं होतं. वाटलं, एवढासा तर आहे, कोणाला दिसणार!

ओढ्याकाठी बाई एकदम थबकल्या. "अगं बाई, शेतचिमणी! आणि या दिवसांत?"

शेतचिमणी थंडीत दक्षिणेला निघून जाते. थंडीत इथे दिसते ती झाडचिमणी, दिसायला जवळजवळ तशीच. फक्त तिची चोच वेगळ्या रंगाची आणि छातीवर मधोमध एक काळा ठिपका. ऑरिन यांना भर थंडीतली शेतचिमणी उभ्या जन्मात भेटली नव्हती. बाईंनी दुर्बिणीतून तीनदा पाहिलं. छाती कोरी होती. मग मला उचललं. पक्षी अगदी मधोमध धरायचा, ही त्यांची सवय. मी टिपला. नेमकी चोच गवताच्या काडीआड गेली आणि छातीवर माझा कण आला.

संध्याकाळी सगळे चर्चच्या दालनात जमले. कोणाला काही दुर्मिळ दिसलं तर फोटो बघून पक्षी ठरवायचं काम वेंडेल क्वाम यांचं. त्यांनी फोटो मोठा केला.

"आर्डिस, ही झाडचिमणी आहे की गं! ठिपका बघ केवढा."

"ठिपका नव्हता, वेंडेल. मी नीट पाहिलं."

"मग काय, फोटो घ्यायच्या वेळी लावून घेतला तिनं? चष्मा कधीचा आहे तुझा?"

लोक हसले. मग आवाज उतरवून ते म्हणाले, "ऑरिनसाठी तुला ती हवी होती, कळतं मला. पण हवी म्हणून ती येत नाही."

मी टेबलावर, बाईंच्या हाताशीच होतो. एक शब्द बोलता आला असता तर!

जानेवारीत वेंडेल यांचा फोन आला. पुढच्या वर्षी ओढ्याची वाट जरा तरुण डोळ्यांकडे देऊ या म्हणाले. बाई म्हणाल्या, "बरं." डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर उत्तम आहे. पण बाईंचा विश्वास डॉक्टरांवर बसला नाही, माझ्यावर बसला. याच्याइतकी लाज मला कशाचीच वाटत नाही. त्या दाणे घालत राहिल्या, पण पाखरं उतरायच्या आत पडदा ओढून घ्यायच्या. एकदा ऑरिन यांच्या तसबिरीला म्हणाल्या, "मला दिसली होती हो. की नव्हती?"

मार्चमध्ये चर्चमध्ये सूपचं जेवण होतं. फोटो काढायला कोणी नव्हतं, म्हणून बाईंनी मला नेलं. पुढच्या बुधवारी पुन्हा तसंच जेवण होतं, तेव्हा ते फोटो भिंतीवर दाखवले. पाद्रीबाई ओरडल्या, "अरे, माझ्या नाकावर तीळ कधी आला?" हशा पिकला. पुढच्या फोटोत केकवर तीळ. त्याच्या पुढच्या फोटोत कोऱ्या भिंतीवर.

वेंडेल मात्र हसेनात. चमच्यातलं सूप तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दारात उभे. एका हातात बटाटे घालून ओव्हनमध्ये भाजलेली हॉटडिश, दुसऱ्या हातात ओढ्याच्या वाटेचा नकाशा.

"आर्डिस, मोजणीच्या दिवसाचे तू दिलेले सगळे फोटो पुन्हा बघितले. ठिपका कुंपणावर आहे, आभाळात आहे, सगळीकडे आहे. ती शेतचिमणीच होती. मी फोटो बघितला, तुझं नाही ऐकलं."

बाईंनी नकाशा हातात घेतला. मग म्हणाल्या, "आत ये. बूट काढ आधी, फरशी पुसलीय."

वेंडेल यांनी मला उघडलं, खिशातला धूळ उडवायचा रबरी फुगा दाबला आणि आत वारा सोडला. कण उडाला. एका फुंकरीचं काम! आणि त्यापायी एका बाईचे तीन महिने अंधारात गेले.

आता पुन्हा डिसेंबर आलाय. उद्या मोजणी. मी दाराजवळच्या खुंटीवर आहे, स्वच्छ, पण मान खालीच. बाई दुर्बीण पुसतायत, गुणगुणतायत. मला क्षमा मागता येत नाही. एवढंच मागणं आहे, बाई: उद्या आधी तुम्ही बघा, मोठ्यानं नाव घ्या. मग मला उचला. मी तुमच्या मागून येईन.