गोल कापणारी कात्री

"हिला आता धार म्हणून राहिली न्हाई. नुसती चावती," माझ्या कडीत अंगठा अडकवून साळूबाई पुटपुटली.

मित्रांनो, ही तक्रार माझ्याबद्दल होती. मी एक जुनी कात्री आहे. माणसं दात गेले की चावायची थांबतात. आम्ही धार गेली की चावायला लागतो. एवढाच काय तो फरक.

बेलापुरात साळूबाईच्या शिलाई मशीनच्या खणात माझं आयुष्य गेलं. दोन पाती, मध्ये एक खिळा, बस्स. पण या दोन पात्यांनी निम्म्या गावाची झंपरं बेतली. "साळूबाईने कापलेला गळा म्हणजे बसलाच," असं बायका म्हणायच्या, आणि मी खणात आडवी पडून ते मुकाट ऐकायचे. पुढे तयार कपडे आले. माझ्या वाट्याला सुतळी आणि दुधाच्या पिशव्या आल्या.

मग साळूबाईचे मालक आप्पासाहेब आजारी पडले. गुदाशयाचा कॅन्सर निघाला. नगरला ऑपरेशन झालं आणि ते पोटाच्या डाव्या अंगाला एक नवं तोंड घेऊन घरी आले. आता शौच तिथून, चिकटवलेल्या पिशवीत. पिशवीच्या चकतीला त्या तोंडाच्या मापाचं भोक कापायचं असतं. साळूबाईने मला घासूनपुसून स्वच्छ डब्यात ठेवलं आणि बजावलं, "आता हिनं दुसरं काय कापायचं न्हाई."

पहिल्या सकाळी मी ते पाहिलं. मित्रांनो, मी जन्मभर कापड पाहिलेली. हे जिवंत होतं. डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, ओलं, आणि आपलं आपण हळूच आकसणारं, फुलणारं. साळूबाईने हात मागे घेतला. बोट लागलं तर दुखेल म्हणून. पण त्याला दुखत नाही. पुसताना रक्ताचा ठिपका आला तरी घाबरायचं नाही. रंग काळपट पडला तर मात्र तडक दवाखाना गाठायचा. माणसाच्या आत असं काही रात्रंदिवस निमूट राबत असतं आणि वरून झंपर बेतणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो, याचं मला अजून नवल वाटतं.

पण आमची एक चूक झाली. साळूबाईने दवाखान्यातच कागदावर गोल काढून घेतला होता. त्याच खाक्यावर ती मला फिरवत राहिली. ऑपरेशननंतरची सूज उतरली, तोंड आक्रसलं, भोक तेवढंच राहिलं. उघड्या राहिलेल्या कातडीला शौच लागून ती सोलवटली. गिऱ्हाईक बायकांचं माप दरवेळी नव्याने घेणारी ही बाई, नवऱ्याचं माप घ्यायला विसरली. वर मायेने त्या लाल कातडीला खोबरेल आणि हळद लावली. तेलावर काय चिकटणार? पुतण्या सहादेवच्या साखरपुड्यात, भर पंगतीत पिशवी सुटली. आप्पासाहेब वाढलेल्या ताटावरून उठले. तेव्हापासून ते उंबऱ्याबाहेर पडले नाहीत.

दवाखान्यातल्या दिशा सिस्टरने मोबाईलवर सगळं पाहिलं. "आजी, तेल, हळद, साबण, काही नको. कोमट पाणी, टिपून कोरडं करायचं, बास. आणि माप परत घ्या. तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकीच जागा सोडायची."

"मंग जखम कशानं भरंल?"

"चकती नीट बसली की आपोआप."

आणि भरली की हो. आता पिशवी सकाळी चहाच्या आधी बदलतात, कारण तेव्हा पोट शांत असतं. तिसरा हिस्सा भरली की रिकामी करतात, जड होऊ देत नाहीत. आप्पासाहेब घास बारीक चावतात; बाहेर जायचं असेल त्या दिवशी कच्चा कांदा नको. पण बाहेर जातंय कोण? साळूबाईने पायजम्याचा नेफा वर घेतला, नाडी पिशवीवर काचू नये म्हणून. तो पायजमा खुंटीलाच लटकत राहिला.

"आतडं परत जोडून झालं की जाऊ," आप्पासाहेब म्हणायचे. डॉक्टरांनी साळूबाईला आणि मुलाला, सुनीलला, बाजूला घेऊन जे सांगितलं होतं, ते घरात कुणी उच्चारत नव्हतं. सुनील म्हणायचा, "बघू ना आप्पा, पुढं." आणि साळूबाई भाकरी थापायला उठायची. मित्रांनो, ज्या हत्याराला रोज काम आहे त्याची धार लावून घ्यावी, आणि ज्या माणसाला रोज जगायचं आहे त्याला खरं सांगावं. पण कात्रीचं कोण ऐकतं?

आज पुणतांब्याला त्यांच्या लेकीची, रुपालीची वास्तुशांत आहे. माहेरचा आहेर बापाच्या हातून व्हायचा असतो. काल तिचा फोन आला होता, "आप्पा आले न्हाई तर मी आहेर कुनाच्याच हातनं घेनार न्हाई."

साळूबाईने वाटेत लागली तर म्हणून जादाची पिशवी काढली. मी चकतीवर फिरू लागले.

"कशाला कापती?" आप्पासाहेब म्हणाले. "तू अन् सुनील जा. म्या जोडल्यावर जाईन, घर कुठं पळून चाललंय का?"

मी अर्ध्या गोलावर थांबले. साळूबाईने मान वर केली.

"अवो, तुमच्या खालच्या वाटेला टाके घातलेत ना, ते कच्चे न्हाईत. उसवायचे न्हाईत. पक्की शिलाई हाय ती. जोडनार न्हाईत. हे आता जलमभर असंच."

सुनील दारात चपला घालता घालता थांबला.

आप्पासाहेबांनी खुंटीवरचा पायजमा काढला, नेफ्यावरून बोट फिरवलं.

"मंग गोल नीट काप," ते म्हणाले. "पुनतांब्याहून माघारी येस्तवर टिकला पायजे."